मळमळ पुन्हा पुन्हा होतेय? आधी वेळ पाहा, मग उपाय

बिघडलेलं काहीतरी खाण्यात आलं, दोन-चार उलट्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी माणूस ठणठणीत, अशी मळमळ कुणी लक्षातही ठेवत नाही. इथे बोलायचंय ते वेगळ्याच मळमळीबद्दल. आठवड्यातून दोन-तीनदा पोटात ढवळतं, तोंडाला पाणी सुटतं, उलटी होईलसं वाटतं पण होत नाही. आलं चघळून झालं, लिंबू चोखून झालं, तेवढ्यापुरतं बरं वाटलं आणि चार दिवसांनी पुन्हा तेच.

अशा वेळी सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, "आलं चांगलं की पुदिना?" हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न, मळमळ नेमकी कधी होते? पुदिन्याने एकाला आराम पडतो आणि दुसऱ्याची मळमळ वाढते. दोघंही खरं सांगत असतात, कारण दोघांच्या मळमळीची कारणं वेगळी असतात.

उलटीचं नियंत्रण मेंदूच्या अगदी खालच्या भागात असतं आणि तिथे चार बाजूंनी निरोप येतात. पहिला पोटातून आणि आतड्यातून, मुख्यतः व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत. दुसरा रक्तातून. मेंदूत एरिया पोस्ट्रेमा नावाचा एक छोटा भाग आहे. इतर मेंदूभोवती रक्तातल्या पदार्थांना अडवणारी जी भिंत असते, ती या भागाला नाही. त्यामुळे रक्तात औषध, विषारी द्रव्य किंवा गरोदरपणातली संप्रेरकं आली की त्याला लगेच चाहूल लागते. तिसरा निरोप कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेकडून येतो. चौथा वरच्या मेंदूतून, म्हणजे वास, दृश्य, आठवण, भीती. निरोप कुठल्या बाजूने आलाय हे कळलं की उपाय निम्मा सापडला. दर वेळी "पित्त झालं" म्हणून सोडून दिलं तर तो कधीच सापडत नाही.

आत्ता, या क्षणी होत असेल तर

कारण शोधायला नंतर वेळ आहे. आधी ताठ बसा किंवा पाठीला टेकून अर्धवट बसा, आडवं होऊ नका. कमरेला घट्ट काही असेल तर सैल करा. खिडकी उघडा, स्वयंपाकाच्या, अत्तराच्या, धुराच्या वासापासून दूर जा. थंड पाण्याची घडी मानेवर ठेवा. नाकाने सावकाश श्वास घ्या आणि घेतला त्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडा. मळमळताना आपण नकळत भराभर श्वास घेतो, हवाही गिळतो, आणि त्याने पोट आणखी तटतं.

आता एक उपाय, जो फार कमी लोकांना माहीत आहे. इंजेक्शन देण्याआधी कातडी पुसायला वापरतात तो अल्कोहोल स्वॅब फोडायचा, नाकाखाली एक-दोन सेंटिमीटरवर धरायचा आणि नाकाने खोल श्वास घ्यायचे. मिनिटभराने थांबायचं, गरज वाटली तर काही मिनिटांनी पुन्हा. ऐकायला विचित्र वाटतं, पण रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत यावर नीट चाचण्या झाल्या आहेत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अर्ध्या तासानंतर हा वास घेणाऱ्यांना ऑन्डान्सेट्रॉन या उलटीवरच्या औषधाची गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त आराम पडलेला दिसला. परिणाम थोडा वेळच टिकतो, पण तेवढ्या वेळात घोटभर पाणी पोटात ठरतं. वास घ्यायचा एवढंच, पोटात काहीही जाऊ द्यायचं नाही. लहान मुलांवर हा प्रयोग नको, आणि तो वासच नकोसा वाटत असेल तर तुम्हीही करू नका.

मिठाचं पाणी पिऊन किंवा घशात बोटं घालून मुद्दाम उलटी काढू नका. मिठाच्या पाण्याने रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं आणि वर येणाऱ्या आम्लाने अन्ननलिका सोलवटते. "एकदा उलटी झाली की मोकळं वाटतं" हे काही वेळा खरं असतं, पण ती आपसूक होऊ द्या.

सकाळी उठल्या उठल्या

मूल होण्याच्या वयातली स्त्री असेल आणि पाळी चुकली असेल तर इतर काहीही करण्याआधी गरोदरपणाची चाचणी करा. गरोदरपणातली मळमळ साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, नवव्याच्या सुमाराला जोरात असते आणि बहुतेकींची सोळाव्या ते विसाव्या आठवड्यापर्यंत ओसरते. पोट पूर्ण रिकामं राहिलं की ती वाढते. म्हणून उशाशी कोरडी बिस्किटं ठेवायची, डोळे उघडल्यावर पडल्या पडल्याच दोन खायची आणि पंधरा-वीस मिनिटांनी उठायचं. दिवसभर दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं. गरम अन्नाला वास जास्त येतो, त्यामुळे थंड किंवा कोमट जेवण बऱ्याच जणींना सोसतं. एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर ब ६ जीवनसत्त्व देतात, सहसा एका वेळी १० ते २५ मिलिग्रॅम, दिवसातून तीन-चार वेळा. ते स्वतःच्या मनाने जास्त घेऊ नका, कारण मोठा डोस फार दिवस चालू राहिला तर हातापायांच्या मज्जातंतूंना इजा होते. वजन पाच टक्क्यांहून जास्त घटलं किंवा पाणीही टिकत नसेल, तर घरच्या उपायांची हद्द संपली.

गरोदरपण नसेल तर सकाळच्या मळमळीमागे बहुतेकदा आदली रात्र असते. उशिरा, भरपेट, तेलकट जेवण करून लगेच आडवं झालं की आम्ल रात्रभर अन्ननलिकेत वर येत राहतं. छातीत जळजळ होईलच असं नाही. काहींना फक्त तोंड कडू-आंबट, घसा खवखवलेला आणि मळमळ एवढंच जाणवतं. यावर सकाळी आलं खाऊन उपयोग होत नाही, रात्र बदलावी लागते. जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर ठेवा. पलंगाचे डोक्याकडचे पाय १५ ते २० सेंटिमीटर उचला. नुसत्या उशा वाढवल्या तर शरीर कमरेत मुडपतं आणि पोटावर उलट दाब येतो. डाव्या कुशीवर झोपा, त्या स्थितीत जठरातलं आम्ल वर चढायला अवघड जातं.

दोन साध्या गोष्टी इथे नेहमी निसटतात. एक म्हणजे उपाशीपोटी कडक चहा किंवा कॉफी. चहातलं टॅनिन रिकाम्या पोटात चांगलंच ढवळून काढतं. चहाआधी दोन घास खा आणि आठवडाभर फरक पाहा. दुसरी, सर्दीचा कफ रात्रभर घशातून पोटात उतरणं. नाक चोंदलेलं असेल तर उपाय नाकावर करायचा, पोटावर नाही.

जेवल्यानंतर

जेवण मोठं होतं का, तेलकट होतं का, हे आधी पाहा. स्निग्ध पदार्थ जठर रिकामं व्हायला उशीर लावतात. नेहमीचंच अन्न, पण दोनऐवजी चार वेळांत विभागून आणि सावकाश खाल्लं, तर बऱ्याच जणांचा त्रास तिथेच थांबतो. जेवताना पाणी घोट घोट घ्या, तांब्याभर नको.

पुदिन्याचा घोळ इथेच होतो. पुदिना आतड्याचे स्नायू सैल करतो, त्यामुळे पोटात मुरडा आणि वायू असेल तर छान वाटतं. पण तो जठराच्या तोंडाशी असलेली झडपही सैल करतो. आंबट ढेकर, जळजळ असणाऱ्याने जेवणानंतर पुदिन्याचा चहा घेतला तर आम्ल वर यायला वाट मोकळी होते. पुदिन्याचा नुसता वास घ्यायला मात्र हरकत नाही. एक इशारा: तान्ह्या आणि लहान मुलांच्या नाकाजवळ पुदिन्याचं तेल नेऊ नका, त्यांचा श्वास कोंडू शकतो. आणि कुठलंही सुगंधी तेल कुणीच पिऊ नये.

तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखून कळ पाठीत किंवा खांद्याकडे जात असेल तर पित्ताशयात खडे असू शकतात. चार घासांतच पोट भरल्यासारखं होतं, तासन्‌तास आधी खाल्लेलं उलटीत तसंच दिसतं आणि जुना मधुमेह आहे, असं असेल तर जठराची हालचाल मंदावलेली असू शकते. अशा माणसाला "भरपूर कच्च्या भाज्या खा" हा एरवी चांगला असलेला सल्ला नेमका उलट पडतो, कारण कच्चा तंतू जठरात पडून राहतो. ही दोन्ही निदानं डॉक्टरांनीच करायची.

बद्धकोष्ठ हे कंटाळवाणं कारण वाटतं म्हणून कुणी विचारत नाही. विचारा.

गोळी घेतल्यानंतर

नवीन औषध सुरू झाल्यावर मळमळ सुरू झाली असेल तर संशय आधी औषधावर. लोहाच्या आणि झिंकच्या गोळ्या, दुखण्यावरच्या गोळ्या, बरीच प्रतिजैविकं, मधुमेहाची मेटफॉर्मिन, नैराश्यावरच्या काही गोळ्या (पहिले एक-दोन आठवडे) आणि वजन-साखरेसाठीची सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं ही नेहमीची नावं. जेवणासोबत घेणं, रात्री घेणं, हळू विरघळणारा प्रकार मागणं किंवा डोस टप्प्याटप्प्याने वाढवणं, यांतलं एखादं बहुधा लागू पडतं. पण सगळ्याच गोळ्या जेवणासोबत चालत नाहीत, म्हणून औषधवाल्याला किंवा डॉक्टरांना विचारून बदल करा. आपल्या मनाने गोळी बंद करू नका.

गाडी लागते त्यांच्यासाठी

कान सांगतो शरीर हलतंय, डोळे मोबाइलच्या पडद्यावर खिळलेले असतात आणि सांगतात सगळं स्थिर आहे. मेंदूला हे भांडण सोसत नाही. गाडी चालवणाऱ्याला सहसा त्रास होत नाही, कारण वळण येण्याआधीच त्याच्या मेंदूला त्याची कल्पना असते. म्हणून पुढच्या सीटवर बसा, नजर दूर क्षितिजावर ठेवा, डोकं सीटला टेकवा, वाचन बंद. बोटीत मधोमध आणि विमानात पंखांजवळ हेलकावे कमी जाणवतात. निघताना पोट रिकामंही नको आणि गच्चही नको. आलं घ्यायचं तर निघण्याआधी अर्धा ते एक तास. मळमळ चढल्यावर घेतलेलं आलं फारसं कामाचं नाही.

डोकं दुखणं, चक्कर, ताण

अर्धशिशीत जठरही मंदावतं, त्यामुळे उशिरा घेतलेली गोळी पोटातच पडून राहते. डोकं दुखायला लागताच घ्या. बिछान्यात कूस बदलताना काही सेकंद गरगरून मळमळत असेल तर दोष कानात आहे, आणि डोक्याच्या ठरावीक हालचाली करून घेऊन डॉक्टर तो बऱ्याचदा एका भेटीत दुरुस्त करतात. परीक्षा, मुलाखत, भांडण यांआधी होणारी मळमळ खोटी नसते. तिथे सावकाश श्वास हाच पहिला उपाय.

आल्याबद्दल जरा सविस्तर

घरच्या उपायांत खरोखर अभ्यासलं गेलंय ते आलं. १९८२ साली "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग छापून आला होता. फिरत्या खुर्चीत बसवलेल्या लोकांपैकी सुंठपूड घेतलेल्यांनी गाडी लागण्यावरचं नेहमीचं औषध घेतलेल्यांपेक्षा जास्त वेळ तग धरला. पुढच्या प्रयोगांत प्रवासाच्या मळमळीबाबत निकाल उलटसुलट आले. गरोदरपणातल्या मळमळीवर मात्र आल्याचा उपयोग होतो, असं बऱ्याच चाचण्यांत दिसलं आहे. आल्यातली जिंजेरॉल आणि शोगाओल ही द्रव्यं आतड्यातल्या सेरोटोनिन या रसायनाच्या निरोपाला काही प्रमाणात अडवतात, आणि आल्याने जठरही थोडं लवकर रिकामं होतं. म्हणजे निरोप पोटातून येत असेल तिथे आलं जास्त चालतं.

गडबड प्रमाणात होते. चाचण्यांत साधारणपणे दिवसाला एक ग्रॅम सुंठपूड वापरलेली असते, तीन-चार वेळांत विभागून. चहाचा सपाट अर्धा चमचा म्हणजे जवळपास तेवढीच. ताज्या आल्यात ८० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, म्हणून ताजं घ्यायचं तर दिवसाला पाचेक ग्रॅम, अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा. पातळ काप करून कपभर पाण्यात झाकण ठेवून दहा मिनिटं मंद उकळा आणि कोमट झाल्यावर घोट घोट प्या. चहात नावापुरतं किसून टाकलेलं आलं चवीला छान, पण उपाय म्हणून ते कमी पडतं. बाटलीबंद "जिंजर" पेयांत बहुतेकदा साखर आणि वास यापलीकडे फार काही नसतं. लेबल वाचा.

जास्त आलं घेतलं की छातीत जळजळते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, पित्ताशयात खडे असतील किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गरोदर स्त्रीनेही विचारूनच घ्यावं.

लिंबाचा वास काहींना चांगला उपयोगी पडतो, ताजी साल चुरगाळून हुंगली तरी पुरे. बडीशेप पोटफुगीला बरी, निव्वळ मळमळीवर माझा तिच्यावर फार भरवसा नाही. मनगटावरचा दाबबिंदू करून पाहायला हरकत नाही: तळहात वर, मनगटाच्या घडीपासून कोपराच्या दिशेने स्वतःची तीन बोटं सोडून, दोन ताठ दोऱ्यांसारख्या कंडरांच्या मधे, दोन-तीन मिनिटं दाबायचं. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीत याचा फायदा दिसला आहे, इतरत्र पुरावा संमिश्र आहे. फुकट आणि निरुपद्रवी, म्हणून यादीत ठेवायचं. खाण्याचा सोडा मात्र यादीतून काढा. त्यात सोडियम भरपूर असतं आणि रोजची सवय महागात पडते.

पाणी टिकत नसेल तर

उलट्यांत खरा धोका पाणी कमी होण्याचा. तहान लागते म्हणून लोक ग्लासभर पाणी एकदम पितात आणि ते तसंच बाहेर येतं. उलटीनंतर पंधरा ते तीस मिनिटं पोटाला विसावा द्या. मग घड्याळ लावून चहाचा एक चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर, दर दोन मिनिटांनी. क्षुल्लक वाटतं, पण तासाभरात दीडशे मिलिलिटर आत जातं आणि बहुधा आतच राहतं.

साध्या पाण्यापेक्षा ओआरएस बरं. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागून पाणी ओढलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात दोन्हींचं प्रमाण म्हणूनच सारखं, लिटरला ७५ मिलिमोल आहे. पाकीट असेल तर त्यावर लिहिलेल्याच पाण्यात पूर्ण पाकीट घाला. अंदाजाने अर्धं वापरू नका. नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर फेकून नवं करा. चोवीस तासांनी उरलेलं टाकून द्या. खावंसं वाटू लागलं की मऊ भात, केळं, उकडलेला बटाटा, कोरडा टोस्ट.

कारण सापडतच नसेल तर

दोन आठवडे वहीत लिहा: मळमळीची वेळ, त्याआधीच्या सहा तासांत काय खाल्लं-प्यायलं, कुठली गोळी, झोप किती, पोट साफ झालं का, पाळीचा कितवा दिवस, डोकं दुखत होतं का. आणि एका वेळी एकच बदल करा, चार-पाच दिवस द्या. एकाच दिवशी चहा सोडला, आलं सुरू केलं आणि उशीही बदलली, तर बरं वाटलं तरी कशाने ते कळणार नाही.

घरी थांबायचं नाही अशा वेळा

उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट काही दिसलं, हिरवी उलटी झाली, पोट कडक होऊन असह्य दुखलं, तापासोबत मान आखडली, डोक्याला मार लागल्यावर उलट्या सुरू झाल्या, आठ तास लघवी झाली नाही, गुंगी आली, तर थेट रुग्णालय. मळमळीसोबत छातीत दडपण, घाम, जबडा किंवा हात दुखणं असेल तर ते पोटाचं समजू नका. स्त्रियांत आणि मधुमेहींत हृदयविकाराचा झटका कधी कधी मळमळ आणि थकवा एवढ्याच रूपात येतो. मधुमेहीला मळमळ, पोटदुखी, धाप आणि श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास, हीसुद्धा तातडीचीच अवस्था. तान्ह्या बाळांच्या आणि वृद्धांच्या बाबतीत वाट पाहण्याचा वेळ फार कमी धरा.

तातडी नसली तरी मोठ्या माणसाच्या उलट्या दोन दिवसांत थांबल्या नाहीत, मळमळ महिनाभर येत-जात राहिली किंवा वजन आपोआप उतरू लागलं, तर डॉक्टरांची वेळ घ्या. जाताना ती वही आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या. "फक्त जीवनसत्त्वाच्या" म्हणून घरी ठेवलेल्याही.